लॅपटॉप चार्ज होत नाही? बॅटरीवर संशय सगळ्यात शेवटी घ्या

माझ्या जुन्या लॅपटॉपचा आकडा एका संध्याकाळी ४१ टक्क्यांवर येऊन अडला. चार्जर लावलेला, त्याचा दिवा लागलेला, लॅपटॉप चालू. पण आकडा काही हलेना. बॅटरी चार वर्षांची होती, म्हणजे तिचीच घटका भरली असणार असं धरून मी त्याच रात्री नवी मागवली. ती आली, खालचे अकरा बारीक स्क्रू काढून बसवली, तर नव्या बॅटरीचाही आकडा जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी टेबलाखालच्या वायरी आवरताना उलगडा झाला. घरातल्या दोन लॅपटॉपच्या चार्जरच्या दोन काळ्या विटांची, म्हणजे वायरीच्या मधल्या ठोकळ्यांची, अदलाबदल झाली होती. माझ्या लॅपटॉपला हवा होता ९० वॉटचा चार्जर आणि मी आठवडाभर लावत होतो ४५ वॉटचा. तेवढ्यात लॅपटॉप कसाबसा चालत होता, बॅटरीच्या वाट्याला काही उरत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊन बसलो होतो.

तेव्हापासून कुणी 'बॅटरी गेली वाटतं' म्हणत लॅपटॉप पुढे केला की मी भिंतीपासून सुरुवात करतो. वीज सॉकेटमधून निघते, वायरीतून चार्जरच्या विटेत जाते, तिथून पिनेपर्यंत, पिनेतून लॅपटॉपच्या जॅकमध्ये, जॅकमधून मदरबोर्डवरच्या चार्जिंगच्या सर्किटमध्ये आणि तिथून बॅटरीत. बॅटरीत पुन्हा स्वतःचं एक छोटं सर्किट असतं, ते 'घेऊ का नको' हे ठरवतं. या सगळ्यांवर बायोस (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारा मूळ प्रोग्राम) आणि ऑपरेटिंग सिस्टिम नजर ठेवून असतात. यातला कुठलाही एक जण अडला तरी तुम्हाला दिसतो तो एकच प्रकार: आकडा वाढत नाही. म्हणून बाहेरून आत यायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चार्जिंग सुरू झालं, तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

आधी स्क्रीन काय म्हणते ते नीट वाचा

'चार्ज होत नाही' या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी लपलेली असतात. टास्कबारवरच्या बॅटरीच्या चिन्हावर माउस नेऊन काय दिसतं ते बघा.

चार्जर लावूनही प्लगचं चिन्हच येत नसेल, तर वीज लॅपटॉपपर्यंत पोचतच नाही. संशय सॉकेट, वायर, चार्जर, पिन आणि जॅक यांच्यावर. बॅटरीचा विचारही करू नका.

'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असं येत असेल, तर वीज आत आली आहे, पण कुणीतरी ती बॅटरीत जाऊ देत नाही. इथे चार्जरची ताकद, चार्जिंगची मर्यादा, तापमान, बायोस किंवा बॅटरीचं स्वतःचं सर्किट, यांपैकी कुणीही असू शकतं.

'चार्जिंग' असं दिसतं पण दोन तासांत दोनच टक्के वाढतात, तर बहुतेक वेळा चार्जर अपुरा आहे, किंवा लॅपटॉपवर इतकं जड काम चालू आहे की आलेली वीज तिथेच संपते.

८० टक्क्यांवर अडलाय? मग बहुधा काहीच बिघडलेलं नाही

मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांमध्ये हा सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि उत्तर ऐकून माणूस थोडा ओशाळतोही. आकडा ६०, ८० अशा ठरावीक जागी थांबत असेल, तर लॅपटॉप मुद्दाम थांबला आहे. लिथियम-आयनची बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली ठेवली की लवकर म्हातारी होते, म्हणून कंपन्यांनी मर्यादा घालायची सोय दिलेली असते. लेनोवोत ती 'व्हँटेज' या ॲपमध्ये 'कॉन्झर्व्हेशन मोड' नावाने सापडते, असुसमध्ये 'मायअसुस'मध्ये. एचपी आणि डेलच्या बऱ्याच मॉडेलांत ती थेट बायोसमध्ये असते, म्हणून विंडोज नव्याने टाकलं तरी तशीच राहते आणि लोक चक्रावतात. ॲपलच्या मॅकबुकमध्ये 'ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग' चालू असेल तर तो ८० टक्क्यांवर थांबून राहू शकतो. वरच्या पट्टीतल्या बॅटरीच्या चिन्हावर क्लिक केलं की पूर्ण चार्ज करायचा पर्याय मिळतो.

थिंकपॅडची गंमत आणखी वेगळी. त्यात थांबायचा आकडा वेगळा आणि पुन्हा सुरू व्हायचा आकडा वेगळा ठेवता येतो. सुरू व्हायचा ७५ आणि थांबायचा ८० असेल, आणि बॅटरी ७७ वर असताना तुम्ही चार्जर लावलात, तर ती ढिम्म हलणार नाही. ७५ च्या खाली उतरल्यावरच चार्जिंग सुरू होईल. ऑफिसातून मिळालेल्या लॅपटॉपमध्ये ही मर्यादा आधीच्या कुणीतरी घालून ठेवलेली असू शकते, तेव्हा 'मी तर काही केलं नाही' यावर विसंबू नका.

आणखी एक. ८० च्या पुढे चार्जिंग मंदावणं हेही नैसर्गिक आहे. सुरुवातीला बॅटरी भराभर करंट घेते. एकेक सेल ४.२ व्होल्टच्या आसपास पोचला की व्होल्टेज तिथेच धरून करंट हळूहळू कमी केला जातो. शेवटच्या वीस टक्क्यांना म्हणूनच वेळ लागतो.

भिंतीपासून विटेपर्यंत

एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस, टायमर, सगळे मधले पाहुणे काढून टाका. चार्जर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, आणि त्याच सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून वीज येते ना ते बघा.

मग विटेत घुसणारी वायर. भिंतीकडून येणारी ही वायर विटेतून काढता येते, आणि वर्षानुवर्षं ओढाताण होऊन तिथे ढिली पडते. वरून बघताना ती बसलेली वाटते. काढून पुन्हा पूर्ण आत जाईपर्यंत घट्ट दाबा. दोन मिनिटांचं काम, पण निम्मे 'मेलेले' चार्जर याने जिवंत होतात असा माझा अंदाज आहे.

विटेवर दिवा असेल तर त्याच्याकडून एक छान चाचणी करून घेता येते. पिन लॅपटॉपमधून काढलेली असताना दिवा लागला आहे का बघा. नसेल लागत, तर चार्जर किंवा भिंतीकडची वायर गेली. लागतो, पण पिन लॅपटॉपमध्ये घातली की लगेच विझतो, असं असेल तर लॅपटॉपच्या आत कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता मोठी, आणि चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतो आहे. पुन्हा पुन्हा घालून बघू नका. हे काम दुरुस्तीवाल्याचं. मात्र ही चाचणी करण्याआधी चार्जर भिंतीतून काढून पाच मिनिटं तसाच ठेवा, कारण एकदा झटका बसून बंद झालेला चार्जर थोडा वेळ विजेपासून दूर राहिला की पुन्हा सुरू होतो.

विटेतून पिनेकडे जाणारी वायर बोटांच्या चिमटीत धरून हळूहळू सरकवत जा, विशेषतः पिनेजवळचा आणि विटेजवळचा चार बोटांचा भाग. आतल्या तारा तुटल्या असतील तर तिथे वायर बाकीच्यापेक्षा लिबलिबीत लागते. चार्जिंग चालू असताना त्या जागी किंचित वाकवल्यावर चिन्ह येत-जात असेल तर दोषी सापडला. टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. तुटक्या तारांमध्ये ठिणगी पडते, जागा तापते आणि प्लास्टिक वितळतं.

तीच पिन बसते म्हणजे तोच चार्जर नव्हे

विटेच्या पाठीवर बारीक अक्षरांत दोन ओळी असतात, 'इनपुट' आणि 'आउटपुट'. आउटपुटची ओळ वाचा. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असं असेल तर दोघांचा गुणाकार म्हणजे साधारण ६५ वॉट. आता लॅपटॉपच्या पोटावरचा शिक्का बघा. तिथेही व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात. व्होल्ट जुळायलाच हवेत. अँपिअर चार्जरचे जास्त असले तर काहीच बिघडत नाही, कारण लॅपटॉप हवा तेवढाच करंट ओढतो. कमी असले तर मात्र माझ्यासारखी गत. काही लॅपटॉप अशा वेळी कमी ताकदीचा चार्जर जोडल्याची सूचना देतात, काही गप्प राहून फक्त चालत राहतात.

काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये आणखी एक भानगड आहे. डेलच्या गोल पिनेच्या मधोमध एक सुईसारखी काडी दिसते. तिच्यातून लॅपटॉप चालवायची वीज येत नाही; तिच्यातून लॅपटॉप चार्जरची ओळख विचारतो, तू किती वॉटचा, आपल्याच घरचा का. उत्तर मिळालं नाही तर सुरू होतानाच सूचना येते की चार्जरचा प्रकार ओळखता आला नाही. मग लॅपटॉप चालतो, पण मंद चालतो आणि बॅटरी भरत नाही. एचपीच्या बारीक पिनेतही अशीच मधली काडी असते. ती वाकली, तुटली किंवा तिच्याकडे जाणारी पातळ तार आतून तुटली की मुख्य वीज ठणठणीत असूनही चार्जिंग बंद. स्वस्तातला, नाव नसलेला चार्जर लावल्यावर हेच होतं.

मल्टिमीटर असेल तर डीसी व्होल्टवर ठेवून चार्जर मोजा. गोल पिनेत बाहेरचा भाग ऋण आणि आतला धन असतो; विटेवर त्याचं छोटं चित्रही असतं. मधली काडी असलेल्या पिनेत धन बाजू म्हणजे नळीची आतली भिंत, काडी नव्हे. टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. साध्या मीटरवर २० चा टप्पा लावून वीस व्होल्टचा चार्जर मोजलात तर पडद्यावर नुसता '१' दिसेल, कारण मीटरची मजल १९.९९ पर्यंतच असते. २०० चा टप्पा लावा. लिहिलेल्या आकड्याच्या जवळपास आकडा आला तर चांगलं, पण त्याने चार्जर पूर्ण निर्दोष ठरत नाही. थकलेला चार्जर मोकळा असताना पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि लॅपटॉपचा भार पडला की मान टाकतो. शेवटचा निकाल एकच: त्याच मॉडेलचा, चालतो हे माहीत असलेला दुसरा चार्जर लावून बघणं.

टाइप-सी असेल तर

टाइप-सीने पिनांची कटकट संपवली आणि वेगळी सुरू केली. आता सगळ्या वायरी सगळीकडे बसतात, पण सगळ्या सारख्या नसतात.

टाइप-सी चार्जर आणि लॅपटॉप जोडल्याबरोबर आधी बोलणी करतात. सुरुवात ५ व्होल्टने होते, मग लॅपटॉप विचारतो, आणखी काय देऊ शकतोस? चार्जर ९, १५, २० अशी यादी देतो, लॅपटॉप त्यातलं एक निवडतो. या पद्धतीचं नाव पॉवर डिलिव्हरी. बोलणी फिसकटली तर ५ व्होल्टवरच गाडी अडते, आणि तेवढ्यात बहुतेक लॅपटॉपना चार्जर जोडल्याचंही कळत नाही. फोनचे बरेच चार्जर याच कारणाने चालत नाहीत. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली वायरही म्हणूनच उपयोगाची नाही. तिच्यातून ही बोलणी होत नाहीत.

वायरीचंही असंच. साधी टाइप-सी वायर ३ अँपिअरपर्यंत नेते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्याहून जास्त न्यायचं तर वायरीच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. १०० वॉटचा चार्जर आणि फोनसोबत आलेली वायर अशी जोडी लावलीत तर मिळणार ६० वॉटच. २०२१ साली आलेल्या नव्या आवृत्तीत ही मर्यादा २४० वॉटपर्यंत गेली, पण त्यासाठी चार्जर, वायर आणि लॅपटॉप तिघेही त्या पिढीचे हवेत.

लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट असतील तर दोन्ही चार्जिंगचे असतीलच असं नाही. पोर्टशेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह आहे का बघा. डॉकमधून (एका वायरीने अनेक पोर्ट देणारी डबी) किंवा मॉनिटरमधून चार्ज करत असाल तर तो मधला माणूस बाजूला काढून चार्जर थेट लावा. आणि एक युक्ती: वायरीचं टोक उलटं करून लावा. एका बाजूने चालतं आणि उलटवल्यावर चालत नाही, असं असेल तर पोर्टमधल्या किंवा टोकातल्या संपर्काच्या पट्ट्या खराब झाल्या आहेत.

टाइप-सी चार्जर मल्टिमीटरने मोजायला जाऊ नका. काही जोडल्याशिवाय तो वीज सोडतच नाही, आणि तुम्ही चांगल्या चार्जरला मेलेला ठरवाल. मध्ये लावायचे छोटे यूएसबी मीटर मिळतात. त्यावर २० च्या आसपास व्होल्ट दिसले तर बोलणी झाली, ५ दिसले तर फिसकटली.

जॅकमध्ये डोकावून बघा

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून जॅकच्या आत बघा. टाइप-सी पोर्टमध्ये बॅगेतला कापूस आणि धूळ दाबून दाबून करडा गठ्ठा तयार झालेला असतो; त्यामुळे टोक शेवटपर्यंत जात नाही. दात कोरायच्या लाकडी काडीने तो अलगद उकरून काढा. सुई, टाचणी, स्क्रूड्रायव्हर आत घालायचं नाही. मधली पट्टी नाजूक असते, तिला धक्का लागला तर भलतंच काम वाढेल.

गोल जॅक असेल तर पिन बसवून हलकेच डोलवा. थोडीशी हालचाल असतेच. पण पिनेसोबत जॅकच आत-बाहेर होत असेल, किंवा ठरावीक कोनात धरल्यावरच चार्जिंग होत असेल, तर जॅक सुटलाय. काही लॅपटॉपमध्ये तो छोट्या वायरीने मदरबोर्डला जोडलेला असतो, अशा वेळी तेवढा भाग बदलला की झालं. काहींमध्ये तो थेट बोर्डावर सोल्डरचा डाग देऊन बसवलेला असतो, तिथे हात बसलेला कारागीर लागतो. जॅकभोवती तपकिरी डाग, जळका वास, वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर चार्जर पुन्हा लावूच नका.

साचलेली वीज काढून टाका

लॅपटॉपमध्ये चार्जिंगवर देखरेख करणारा एक छोटा कंट्रोलर असतो. तो लॅपटॉप बंद केल्यावरही जागा राहतो, आणि कधी कधी गोंधळतो. त्याला पूर्ण झोपवून उठवणं हा उपाय जादूटोण्यासारखा वाटतो, पण 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग'वर मी सगळ्यात आधी हाच करतो.

बॅटरी बाहेरून निघत असेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. मग बॅटरी न घालता फक्त चार्जर लावून लॅपटॉप सुरू करून बघा. सुरू झाला तर एक मोठा निकाल हाती आला: सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंतची वाट मोकळी आहे. बंद करा, चार्जर काढा, बॅटरी घाला, पुन्हा चार्जर लावा.

बॅटरी आत असेल तर शटडाऊन करताना शिफ्टची कळ दाबून ठेवा. नाहीतर विंडोज 'फास्ट स्टार्टअप'च्या नादात अर्धवटच बंद होतं. मग चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबा. काही मॉडेलांच्या पोटावर टाचणी जाईल एवढं रीसेटचं भोक असतं. शेजारी बॅटरीचं किंवा गोल बाणाचं चित्र असतं. पेपरक्लिपचं टोक त्यात काही सेकंद दाबायचं. मायक्रोफोनचं भोक नाही ना, एवढी खात्री करून घ्या. इंटेलच्या जुन्या मॅकबुकमध्ये यासाठी एसएमसी रीसेट, म्हणजे याच कंट्रोलरला नव्याने सुरू करणं, असतं. ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकबुकमध्ये बंद करून पुन्हा सुरू केलं की पुरतं.

बंद ठेवून चार्ज करा, मग बायोसमध्ये बघा

लॅपटॉप बंद, चार्जर लावलेला, तासभर तसाच ठेवा. टक्के वाढले तर बॅटरी आणि चार्जिंगचं सर्किट शाबूत आहेत. चार्जर कमी पडतोय किंवा विंडोजमध्ये काहीतरी अडलंय. नाही वाढले तर विंडोज सुटलं, बिघाड त्याच्या खाली आहे.

बायोसमध्ये जाणंही याच कामाचं. सुरू होताना डेलमध्ये एफ-२, एचपीत एफ-१०, थिंकपॅडमध्ये एफ-१ दाबत राहा. डेलच्या बायोसमध्ये बॅटरीची तब्येत आणि जोडलेला चार्जर किती वॉटचा आहे हे सरळ लिहिलेलं असतं. चार्जरवर ६५ छापलंय आणि बायोस 'अननोन' म्हणतंय, तर ओळखीची काडी आठवा.

दोष विंडोजकडे झुकत असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'बॅटरीज'मध्ये जा, मायक्रोसॉफ्टच्या नावाची 'एसीपीआय-कंप्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' ही ओळ उजवं क्लिक करून अनइन्स्टॉल करा. घाबरू नका, पुन्हा सुरू केल्यावर विंडोज ती आपोआप टाकतं. 'एसी अडॅप्टर'च्या ओळीला हात लावायची गरज नसते. बायोसचं नवं अपडेट आलं असेल तर तेही करा, पण बॅटरी अगदी रिकामी असताना नाही. अर्ध्यात वीज गेली तर चार्जिंगचा प्रश्न राहील बाजूला आणि लॅपटॉपच सुरू होणार नाही. बहुतेक कंपन्यांचे अपडेट म्हणूनच बॅटरीत थोडा तरी जीव असल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

हात लावून बघा, तापलाय का

लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि ती कायमची खराब होते. साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करणंही तिला सोसत नाही. म्हणून तिचं सर्किट दोन्हीकडे दार लावून घेतं. गादीवर ठेवून गेम खेळत असाल, उन्हात उभ्या गाडीतून आणला असेल, तर बंद करून अर्धा तास थंड होऊ द्या. कडाक्याच्या थंडीतून आत आणला असेल तर लगेच चार्जर लावू नका. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आत ओल धरलेली असू शकते.

आता बॅटरीची पाळी

इथवर सगळे निर्दोष सुटले असतील तर खुशाल बॅटरीवर संशय घ्या. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा: 'पॉवर' हा शब्द, त्याला चिकटून सी, एफ, जी ही तीन अक्षरं, मग एक मोकळी जागा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ, आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' हा एकच शब्द. एंटर दाबलं की एक फाइल तयार होते. ती कुठे ठेवली तेही तिथेच दिसतं. ब्राउझरमध्ये उघडा. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. समजा पहिली ५०,००० आणि दुसरी ३१,००० मिलिवॉट-तास आहे, तर बॅटरी ६२ टक्के उरली. बॅकअप कमी होईल, पण एवढ्याने चार्जिंग थांबत नाही, हे लक्षात ठेवा. दुसरा आकडा शून्याजवळ असेल किंवा एका आठवड्यात निम्म्यावर कोसळला असेल, तर बॅटरी गेली.

त्याच अहवालात 'सायकल काउंट'ही असतो. आज पन्नास टक्के आणि उद्या पन्नास टक्के वापरले की मिळून एक सायकल. ॲपल आपल्या आताच्या मॅकबुकसाठी १,००० सायकली धरते. इतर बऱ्याच बॅटऱ्या त्याआधीच दमतात. मॅकमध्ये हा आकडा सिस्टिम इन्फर्मेशनमधल्या 'पॉवर'मध्ये मिळतो.

बॅटरी चांगली, पण ३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप धाडकन बंद होतो, असं असेल तर आकडाच खोटा आहे. पूर्ण चार्ज करा, तासाभराने चार्जर काढून ५ टक्क्यांपर्यंत वापरा, मग न थांबता पूर्ण भरा. मोजणारं सर्किट पुन्हा ताळ्यावर येतं. दर महिन्याला मात्र हे करत बसू नका, त्याने बॅटरी उगाच झिजते.

लॅपटॉप महिनोन्महिने कपाटात पडून होता आणि आता शून्यावरून हलत नाही? सेलचं व्होल्टेज फार खाली गेलं की बॅटरीचं सर्किट सुरुवातीला अगदी थेंब थेंब करंट घेतं. मूळ चार्जर लावून, लॅपटॉप बंद ठेवून, तुम्ही जागे असताना दोन-तीन तास वाट बघा. तरीही हालचाल नसेल तर सर्किटने बॅटरीला कायमचं कुलूप लावलेलं असू शकतं. बॅटरी उघडून सेलला बाहेरून वीज देऊन 'जिवंत' करायचे व्हिडिओ दिसतील. त्या वाटेला जाऊ नका. इतक्या खोल रिकाम्या झालेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळून भलतीकडे साचतं, आणि पुन्हा चार्ज केल्यावर आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. कुलूप त्याचसाठी आहे.

लॅपटॉप नुकताच पडला असेल किंवा रॅम बदलायला उघडला असेल, तर बॅटरीचा कनेक्टर अर्धवट सुटल्याची शक्यता मोठी. उघडायची सवय असेल तर चार्जर काढून तो सरळ ओढून पुन्हा बसवा.

बॅटरी फुगली असेल तर वरचं सगळं सोडा

टचपॅड वर उचललेलं, त्याचं क्लिक घट्ट झालेलं, झाकण नीट मिटत नाही, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो: ही फुगलेल्या बॅटरीची लक्षणं. आत वायू साचलेला असतो. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पुन्हा चार्ज करू नका. दाबून सपाट करायला, भोक पाडायला जाऊ नका. सेल फाटला तर आग लागते. लॅपटॉप जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि बॅटरी काढायला जाणकाराकडे न्या. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

नवी घ्यायचीच असेल तर

लॅपटॉपच्या मॉडेलवरून नव्हे, बॅटरीवर छापलेल्या पार्ट नंबरवरून मागवा. एकाच मॉडेलमध्ये कधी कधी तीन सेलची आणि चार सेलची अशा दोन बॅटऱ्या येतात. त्यांचे व्होल्ट वेगळे असतात, आकार आणि कनेक्टरही वेगळा असू शकतो. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. वॉट-तास थोडे जास्त असले तर चालतं. बसवल्यावर लगेच बॅटरीचा अहवाल काढा. नव्या बॅटरीची आजची क्षमता मूळ क्षमतेच्या आसपास दिसली पाहिजे. पहिल्याच दिवशी ऐंशीच टक्के दिसली तर ती वर्षानुवर्षं पडून राहिलेली किंवा वापरलेली आहे. परत करायची मुदत असेपर्यंत परत करा.

दुरुस्तीला देताना

नवी बॅटरी आणि चालू चार्जर लावूनही काही होत नसेल, तर बिघाड मदरबोर्डवरच्या चार्जिंगच्या सर्किटमध्ये आहे, आणि तो घरी सुटत नाही. जाताना एका कागदावर लिहून न्या: स्क्रीनवर नेमके कोणते शब्द येतात, आकडा किती टक्क्यांवर अडतो, बंद असताना चार्ज होतो का, दुसरा चार्जर लावून बघितला का, आधी पडला किंवा पाणी सांडलं होतं का. पाणी सांडलं असेल तर लपवू नका. उघडल्यावर ते दिसतंच, मधला वेळ मात्र वाया जातो. बॅटरीत थोडा जीव आहे तोवर महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या.

आणि चार्जर सोबत द्या, विटेपासून भिंतीपर्यंतच्या वायरीसकट. दुरुस्तीवाल्याकडच्या चार्जरवर तुमचा लॅपटॉप व्यवस्थित चार्ज होईल, तो 'काही बिघाड नाही' म्हणून परत करेल, आणि घरी येऊन तुम्ही तीच वायर पुन्हा लावाल.